पारोची समाधी आणि माझ्या भाचीचा प्रश्न



मागच्या महिन्यात माझी भाची आठ दिवस आमच्याकडे फर्दापूरला राहून गेली. हवापालटाला आली, असं आम्ही शेजारी सांगितलं. पण खरं कारण वेगळं होतं. बहिणीचा आधीच फोन आला होता, "ताई, तू तिला समजाव. तुझं ऐकते ती." समजवायचं काय, तर पोरीने एक मुलगा पसंत केला आहे आणि तो आपल्यातला नाही. घरात तीन महिने धुसफूस चालली होती. बहिणीचं जेवण सुटलं होतं, मेहुणे बोलत नव्हते, आणि पोरगी मोबाईल घेऊन खोलीत बसायची.

पहिल्या दिवशी मी काहीच विषय काढला नाही. सूर्यास्ताआधी जेवणं झाली, ओटा आवरला, आणि आम्ही दोघी अंगणात ज्वारी निवडायला बसलो. तेव्हा तिनेच विचारलं, "मावशी, प्रेम आपोआप होतं, की माणूस ठरवून करतो, की घरच्यांनी शिकवलेलं असतं तसंच ते होतं?" पेपरातला प्रश्न असावा तसं, तीन पर्याय देऊन! आणि वर, "तुझं काकांवर कधी बसलं ग?"

मी कॉमर्सची बाई. जमा-नावे विचारा, सांगेन. या प्रश्नाला उत्तर सुचेना. म्हटलं, "उद्या सांगते. सकाळी लवकर तयार हो, अजिंठ्याला जाऊ."

"लेणी तर चार वेळा पाहिली."

"लेण्यांना नाही, गावात. पारोकडे."

ज्यांनी आमचा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. फर्दापूर घाटाच्या पायथ्याशी आहे. जळगावकडून संभाजीनगरकडे जाताना फर्दापूरच्या टी पॉइंटला लेण्यांचा फाटा लागतो. पर्यटक गाडी तिथे ठेवतात आणि बसने लेण्यांकडे जातात. गारगोट्या, स्फटिक विकणारी पोरं मागे लागतात. गावात औरंगजेबाच्या काळातली जुनी सराय आहे. म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला आसरा देणं हा या गावाचा शेकडो वर्षांचा धंदा. लेण्यांना ज्याचं नाव मिळालं ते अजिंठा गाव मात्र घाट चढून वर आहे. लेणी पाहून परतणाऱ्या शंभर माणसांतली दोन-चारच त्या गावात उतरत असतील.

त्या गावात एक समाधी आहे. कुणी तिला पारोची कबर म्हणतात. साधा दगड, त्यावर इंग्रजी अक्षरं. आपली लाडकी पारो २३ मे १८५६ रोजी वारली, तिच्या स्मरणार्थ हा दगड, एवढाच त्याचा अर्थ. ज्याने तो बसवला त्याचं नाव रॉबर्ट गिल.

हा गिल मद्रासच्या फौजेतला अधिकारी. लेण्यांची ओळख गोऱ्या साहेबांना झाली १८१९ साली, जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीला आला तेव्हा. दहा नंबरच्या लेण्यात त्याने आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली, ती अजून दिसते. (पाहुण्याने भिंतीवर नाव कोरायची खोड तेव्हापासूनची!) पुढे लेण्यांतली चित्रं खराब होत चालली आहेत, त्यांच्या नकला करून ठेवा, अशी मागणी लंडनच्या विद्वानांनी केली. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली हे काम गिलवर सोपवलं. तो अजिंठा गावातल्या बारादरीत राहायला आला आणि रोज घाटाखाली लेण्यांत जाऊन चित्रं उतरवू लागला. अंधार, वटवाघळं, वाघाचं भय, हिवताप. मुलूख निजामाचा, भाषा वेगळी. अशात त्याने वर्षामागून वर्षं काढली आणि तीसेक मोठी तैलचित्रं लंडनला पाठवली. तिथे ती क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यातली बहुतेक जळून गेली. आयुष्यातली वीस वर्षं एका रात्रीत राख! त्याआधीच त्याने कॅमेरा हाती घेतला होता, १८६४ साली त्याच्या छायाचित्रांची पुस्तकंही निघाली. १८७९ साली तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

आणि पारो? लोक सांगतात ती लेणापूरची. कुणी तिला कोळ्याची म्हणतात, कुणी आदिवासी. रंग करायला तिने मदत केली म्हणतात, वाटा दाखवल्या म्हणतात. ना. धों. महानोरांनी त्यावर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिलं. ते आमच्याच शिवारातले, पळसखेड्याचे. त्यावरून नितीन चंद्रकांत देसाईंनी २०१२ साली चित्रपट काढला. तेव्हापासून गावात येणारी तरुण पोरंपोरी समाधीपुढे उभं राहून फोटो काढतात.

माझ्या भाचीनेही काढला. मग दगडाकडे पाहत म्हणाली, "बघ मावशी. जात नाही, धर्म नाही, भाषासुद्धा एक नाही. तरी झालंच ना? म्हणजे प्रेम आपोआपच होतं."

तिथेच कडुलिंबाच्या सावलीला बसून आमचं बोलणं सुरू झालं. ते घरी येऊन दोन दिवस चाललं, आणि नंतर मी एकटी असतानाही मनात चालूच राहिलं. तेच आज तुमच्यापुढे मांडते आहे.

प्रेम आपोआप होतं हे खोटं नाही. आपल्या शास्त्रात चार संज्ञा सांगितल्या आहेत, त्या पाठशाळेत आपण सगळ्यांनी पाठ केल्या: आहार, भय, मैथुन आणि परिग्रह. भूक जशी शिकवावी लागत नाही तशी ओढही शिकवावी लागत नाही. मुंगीपासून माणसापर्यंत सगळ्यांना ती आहे. आजचं विज्ञानही वेगळं सांगत नाही. १९९२ साली जॅन्कोविएक आणि फिशर या दोन अभ्यासकांनी जगातल्या १६६ समाजांची माहिती तपासली. त्यातल्या १४७ समाजांत स्त्री-पुरुषांमधल्या प्रेमाच्या खुणा त्यांना सापडल्या. म्हणजे प्रेम हे सिनेमाने किंवा परदेशी लोकांनी आणलेलं खूळ, असं आपण जे म्हणतो ते काही टिकत नाही.

पन्नासच्या दशकात अमेरिकेत हॅरी हार्लो नावाच्या प्राध्यापकाने माकडाच्या पिलांवर प्रयोग केले. पिलांना आईपासून तोडलं आणि पिंजऱ्यात दोन खोट्या आया ठेवल्या. एक तारेची, तिच्याजवळ दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडाची, तिच्याजवळ काहीच नाही. पिलं दूध प्यायला तारेच्या आईकडे जायची आणि उरलेला सगळा वेळ कापडाच्या आईला बिलगून बसायची. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढीशी गोष्ट जाणून घ्यायला मुक्या जिवांना आईपासून तोडावं लागलं! आपल्या आज्यांना गोठ्यातल्या गाय-वासराकडे बघून ते कळत होतं. पण निष्कर्ष खराच आहे. जीव पोटासाठी नाही, उबेसाठी बिलगतो.

मग भाचीचं म्हणणं पूर्ण खरं का? तिला मी विचारलं, "हा दगड कुठल्या भाषेत आहे?"

"इंग्रजीत."

"१८५६ साली या गावात इंग्रजी वाचणारं कोण होतं?"

ती गप्प झाली. पारोच्या आईबापांना तो वाचता आला नसणार, तिच्या भावंडांना नाही, आणि ती स्वतः जिवंत असती तर तिलाही नाही. तिच्या नावाचा दगड, पण तिच्या माणसांना न कळणाऱ्या भाषेत! गिलचं तिच्यावर प्रेम होतं हे त्या दगडावर लिहिलं आहे. पारोचं गिलवर होतं हे कुठेच लिहिलेलं नाही. तिचा स्वतःचा एक शब्द मागे राहिलेला नाही. आपण सगळे ते गृहीत धरतो, कारण गोष्ट तशी गोड वाटते.

गिलला गोरी लग्नाची बायको होती, मुलं होती. पारो गेल्यानंतर तो दुसऱ्या एका हिंदुस्थानी बाईबरोबर राहिला, तिच्यापासून त्याला मुलीही झाल्या. हे सिनेमात नसतं. हे सांगितल्यावर भाचीचा चेहरा उतरला. मला त्या माणसाला नावं ठेवायची नाहीत. वीस वर्षं अंधारात बसून आपल्या चित्रांसाठी ज्याने डोळे झिजवले त्याला मी कोण बोलणार? पण पारो नाही म्हणू शकली असती का? हा प्रश्न मला त्या दगडापुढे दरवेळी पडतो. एक कंपनीचा साहेब, हातात बंदूक, मागे सरकार. दुसरी गावातली गरीब पोर. ओढ दोघांनाही असेल. निवड मात्र दोघांची सारखी नव्हती.

आणि काळही बघा. त्याआधी पन्नास वर्षं हैदराबादेत कर्कपॅट्रिक नावाचा रेसिडेंट होता. त्याने खैरुन्निसा या खानदानी घरातल्या मुलीशी निकाह लावला. त्या काळी कंपनीच्या कितीतरी अधिकाऱ्यांच्या घरात हिंदुस्थानी बायका असत आणि मृत्युपत्रांतून त्यांची उघड तरतूदही केलेली असे. गिलच्या काळापर्यंत वारा फिरला होता. मडमा बोटीने येऊ लागल्या होत्या आणि साहेबाने हिंदुस्थानी बाई ठेवणं कमीपणाचं समजलं जाऊ लागलं होतं. पारो गेली त्याच्या पुढच्याच वर्षी १८५७ चा उठाव झाला आणि दोन्हीकडची मनं आणखी लांब गेली. अशा वेळी उघड्यावर दगड बसवून त्यावर तिचं नाव घालणं याला हिंमत लागली असणार, एवढं श्रेय मी गिलला देते. प्रेम तेच, पण एका पिढीत ते घरातलं नातं असतं आणि दुसऱ्या पिढीत चोरटा व्यवहार. हे काम संस्कारांचं, समाजाचं.

संस्कार म्हटलं की मला राजुल आठवते. आणि फर्दापूरला राहून राजुल आठवली की लगेच सोळा नंबरच्या लेण्यातलं ते चित्र डोळ्यांपुढे येतं. गाइड त्याला 'मरणासन्न राजकन्या' म्हणतात. ती गौतम बुद्धांच्या धाकट्या भावाची, नंदाची बायको, सुंदरी. नंदाने दीक्षा घेतली, सेवक त्याचा मुकुट घेऊन परत आला, आणि तो मुकुट पाहून ती कोसळते आहे. मान वळलेली, डोळे मिटत चाललेले, भोवती दासी सावरायला धावलेल्या. पाचव्या शतकात, वाकाटकांच्या राज्यात, कुणा चित्रकाराने हे काढलं. दीक्षा हा आनंदाचा प्रसंग मानणाऱ्या धर्माच्या लेण्यात मागे राहिलेल्या बायकोचं दुःख एवढ्या मायेने काढलं आहे, याचं मला नेहमी नवल वाटतं.

आपल्याकडे तोच प्रसंग राजुलवर आला. वरात दारात आली. बांधलेल्या मुक्या पशूंचा आक्रोश नेमिनाथांच्या कानी पडला आणि ते रथ फिरवून गिरनारकडे गेले. राजुलही कोसळलीच असेल. पण आपण तिची जी आठवण ठेवली ती कोसळण्याची नाही, गिरनार चढण्याची. दुसरं स्थळ बघू म्हणणाऱ्यांना तिने नकार दिला आणि स्वतः दीक्षा घेतली. सुंदरी आणि राजुल यांच्या पोटात तुटलं ते सारखंच. दोघींच्या लोकांनी मनात जपलं ते मात्र वेगळं. म्हणून मला वाटतं, ओढ जन्माची असते, पण त्या ओढीचं पुढे काय करायचं हे आपण लहानपणी ऐकलेल्या कथांतून शिकतो. आमच्या पिढीतल्या किती मुलींनी राजुलची गाणी ऐकत ऐकत मन आवरायला शिकून घेतलं! त्यातलं काही चांगलं झालं आणि काही अती झालं, हेही कबूल करायला हवं.

इथवर ऐकून भाची म्हणाली, "म्हणजे सगळं संस्कारांवर ढकलून तू मला घरी नेऊन बसवणार!"

नाही. कारण संस्कारांनीच सगळं ठरत असतं तर एकाच काळातल्या, एकाच वयात लग्न झालेल्या दोन मराठी मुलींची गोष्ट एकच झाली असती. त्या दोघी मी तिला सांगितल्या.

एक रमाबाई रानडे. १८७३ साली त्यांचं लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि न्यायमूर्ती रानडे एकतिशीतले. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी विधवेशी लग्न करावं अशी सगळ्या सुधारकांची अपेक्षा. पण वडिलांच्या धाकापुढे त्यांचं चाललं नाही आणि ही अकरा वर्षांची मुलगी घरात आली. रमाबाईंनी निवडलं नव्हतं, रानड्यांनीही नाही. पण रानड्यांनी तिला शिकवलं. घरातल्या बायकांचा छळ सोसून ती शिकली. पुढे तिने १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहिल्या. त्या वाचल्यावर या बाईचं आपल्या नवऱ्यावर प्रेम नव्हतं असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

दुसरी रखमाबाई. तिचंही लग्न अकराव्या वर्षीच, १८७६ च्या सुमाराला झालं, दादाजी भिकाजीशी. ती माहेरीच राहिली, सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या घरी पुस्तकं वाचत वाढली. नवऱ्याने १८८४ साली नांदायला पाठवा म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. न कळत्या वयात लावून दिलेलं हे लग्न मला मान्य नाही, असं ती म्हणाली. पहिला निकाल तिच्या बाजूने, पण पुढे १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंग चालेल. सगळा महाराष्ट्र तिच्यावर तुटून पडला, मोठमोठ्या पुढाऱ्यांनी तिला दोष दिला. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन नवऱ्याने दावा सोडला. रखमाबाई विलायतेला गेली, १८९४ साली डॉक्टर झाली आणि पुढे सुरत-राजकोटला तिने हजारो बायकांची बाळंतपणं केली.

काळ तोच, वय तेच, चालीरीती त्याच. एकीचं मन जुळलं, दुसरीचं जुळलं नाही. समाजाने दोघींनाही सारखंच बांधलं होतं. फरक पडला तो त्या बांधलेल्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाच्या वागण्याने, आणि त्या दोघींनी स्वतः काय ठरवलं त्याने. कोर्ट बाईला नवऱ्याच्या दारात आणून उभं करू शकतं, मायेचा हुकूमनामा मात्र अजून कुठल्या न्यायाधीशाला लिहिता आलेला नाही.

आता भाचीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. तुमच्यापासून काय लपवायचं?

माझं लग्न १९८२ सालचं. बी.कॉम.चा निकाल लागला आणि महिन्याभरात स्थळ आलं. पोहे दिले, दहा मिनिटं बसले, यांचे बूट तेवढे नीट पाहिले. फर्दापूरला सून म्हणून आले तेव्हा रडू यायचं. किराणा दुकान, मागे घर, दुपारी घाटाकडून येणारा भट्टीसारखा वारा. पहिल्या वर्षी यांच्याबद्दल मला राग नव्हता आणि प्रेमही नव्हतं. ओळखच नव्हती.

एकदा दिवाळीच्या आधी दुकानाचा रोजमेळ जुळत नव्हता. सासरे आणि हे दोन रात्री बसले होते. मी पाणी द्यायला गेले आणि नजर टाकली तर खतावणीत एक रक्कम नावेऐवजी जमेला गेलेली. तोंडातून निघून गेलं. सासरे चपापले, सुनेने वहीत डोकावायचं नसतं! मी घाबरून आत पळाले. रात्रभर वाटलं, आता हे रागावणार. सकाळी यांनी काही न बोलता वह्या आणून माझ्यापुढे ठेवल्या, पेन ठेवलं, आणि दुकान उघडायला निघून गेले. त्या दिवसापासून आजपर्यंत दुकानाचे हिशेब मी लिहिते. भाचीला म्हटलं, "बसलं असेल तर त्या सकाळी. पण तेव्हा मला कळलं नाही. पुढच्या बारा-पंधरा वर्षांत हळूहळू कळलं."

हे वाचून ठरवून केलेली लग्नंच खरी, असं कुणी म्हणू नका हं. आपल्या मंडळात एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: प्रेमविवाहात प्रेम उतरत जातं, ठरवलेल्या लग्नात चढत जातं. ती निघाली आहे १९८२ च्या जयपूरच्या एका अभ्यासातून. त्यात अवघी पन्नास जोडपी होती. पुढे २०१२ साली अमेरिकेतल्या भारतीयांचा असाच अभ्यास झाला, त्यात दोन्ही प्रकारच्या लग्नांत प्रेम सारखंच निघालं, काही फरक सापडला नाही. मी हिशेबाची बाई आहे. पन्नास पावत्यांवर सगळ्या गावाचा ताळेबंद काढत नाही. आणि माझ्याच वयाच्या, माझ्यासारखेच पोहे देऊन लग्न झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत, ज्यांच्यापुढे चाळीस वर्षांत कुणी वही ठेवली नाही. त्यांनी संसार नेटाने केला. त्याला प्रेम म्हणायचं की सहन करणं, हे त्या स्वतः सांगतील तेव्हाच कळेल. पारोसारखंच त्यांचंही कुठे लिहिलेलं नाही.

तर मला सापडलेलं उत्तर असं. संज्ञा जीवाला ओढ देते. संस्कार त्या ओढीला रूप देतात, शब्द देतात, कुंपणही घालतात. पण ती टिकते पुरुषार्थाने, म्हणजे रोज उठून पुन्हा केलेल्या निवडीने. आपल्या आचार्यांनी सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत वात्सल्य ठेवलं आणि त्याला उपमा दिली गाय-वासराची. मला यातली गंमत आता या वयात कळली. गाईची माया न शिकवता आलेली आहे. तिला आचरणाची गरज नाही. तीच माया आपल्या पोटचं नसलेल्या साधर्मी माणसावर करायची, हे मात्र ठरवून, घासून, सवयीने आणावं लागतं, म्हणून ते अंग झालं. विष्णुकुमार मुनींनी हस्तिनापुरात सातशे मुनींचा उपसर्ग दूर केला ती कथा आपण रक्षाबंधनाला ऐकतो. ते सातशे त्यांचे कोण लागत होते? त्यांनी ते आपले मानले.

राग आणि वात्सल्य यांत फरक कसा ओळखायचा, असं भाचीने विचारलं. मोह डोळ्यावर असताना कुणालाच ओळखता येत नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. पण दोन-चार खुणा बघता येतात. तिला विचारलं, "तो चिडला की काय करतो?" ती विचारात पडली. "तू रात्री जेवत नाहीस, कंद खात नाहीस, हे त्याला माहीत आहे का? चेष्टा करतो, का तुझ्यासाठी वेळेवर जेवून घेतो? तुला नाही म्हणायचं असलं तर भीती वाटते का?" शेवटच्या प्रश्नाला मात्र ती पटकन म्हणाली, "नाही वाटत. आजिबात नाही." तिच्या आवाजात जे होतं ते ऐकून मला बरं वाटलं, हेही सांगते.

मग मी तिलाही तिच्या बाजूचं सांगितलं. तुझी ओढ खरी आहे म्हणून तुझ्या आईचं रडणं खोटं ठरत नाही. तिने देवदर्शनाचं, पाणी गाळून पिण्याचं, पर्वाच्या उपासाचं जे तुला दिलं, ते पुढच्या पिढीत कुणाच्या हाती जाणार, ही तिची भीती आहे. माझ्या आजीच्या काळात सैतवाळांची मुलगी खंडेलवालात देणंही मोठी गोष्ट होती, दोघेही एकाच जिनाला हात जोडणारे असून. आज ते कुणाला आठवतही नाही. कुंपणं सरकतात. पण आपोआप सरकत नाहीत, कुणीतरी दोन्ही बाजूंनी हात लावावा लागतो.

आठव्या दिवशी तिला टी पॉइंटला जळगावच्या गाडीत बसवून दिलं आणि घरी येऊन बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "समजावलंस का ताई?"

म्हटलं, "तिला नाही, आता तुला समजावते. वर्षभर थांबा. तिला कोंडू नका, मोबाईल काढून घेऊ नका, घाईने दुसरं स्थळही आणू नका. त्या मुलाला दिवसाउजेडी घरी जेवायला बोलवा. पाटावर बसू द्या. आपलं जेवण, आपले नियम त्याला पाहू द्या, आणि त्याला आपण पाहू. वर्षाने ती हो म्हणाली तरी तिचं असेल आणि नाही म्हणाली तरी तिचं असेल."

बहीण बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आणि लोक?"

खरं सांगते, याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. मी म्हटलं, "लोक मी बघते. मोठी आहे ना मी." म्हटलं खरं, पण पोटात गोळा आला होता. आता पर्वात मंदिरात सगळ्या भेटतील तेव्हा काय काय ऐकावं लागेल ते दिसेलच.

दुसऱ्या दिवशी यांना सगळं सांगितलं. हे वही चाळत होते. वर न बघता म्हणाले, "मुलगा जेवायला येईल तेव्हा मलाही ने." एवढंच. आमच्याकडे एवढंच बोलणं असतं.

कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.